मरणोन्मुखांची माता : रोझ हॉथॉर्न

बरे होण्याची आशा सरली की वैद्य हात टेकतात, आप्त थकतात आणि शेजारीपाजारी येईनासे होतात. अशा वेळी त्या रुग्णासाठी करण्यासारखे काही उरते काय? एका स्त्रीने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्यानेच दिले.

रोझ हॉथॉर्न यांचा जन्म 20 मे 1851 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लेनॉक्स या गावी झाला. विख्यात कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची ही धाकटी कन्या. तेरावा वाढदिवस एका दिवसावर आला असता तिचे पितृछत्र हरपले. 1871 साली जॉर्ज लॅथ्रॉप या लेखकाशी तिचा विवाह झाला. परंतु संसारात सुख लाभले नाही. एकुलता एक मुलगा 1881 साली घटसर्पाने दगावला. 1891 साली पतिपत्नींनी कॅथलिक मंडळीत प्रवेश केला. तथापि पतीच्या मद्यासक्तीमुळे 1895 साली दोघे विभक्त झाली.

याच सुमारास एका गरीब शिवणकाम करणाऱ्या स्त्रीची हकिगत रोझबाईंच्या कानी आली. कर्करोगाने ग्रासलेल्या त्या स्त्रीची रवानगी न्यूयॉर्कजवळच्या ब्लॅकवेल्स बेटावरील निराधारांच्या आश्रयगृहात झाली होती. त्या काळी कर्करोग संसर्गजन्य आहे असा समज होता. असाध्य ठरलेल्या निर्धनांना रुग्णालयातून निरोप मिळे आणि घरमालकही थारा देत नसत. रोझबाईंचे मन कळवळले. वयाच्या 45व्या वर्षी, 1896 साली, त्यांनी कर्करोग रुग्णालयात तीन महिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत भाड्याच्या खोल्या घेतल्या. ज्या जखमांच्या दुर्गंधीने इतर तोंड फिरवीत, त्या जखमा त्या स्वतः धुऊ लागल्या.

1898 साली ॲलिस ह्यूबर ही चित्रकार तरुणी त्यांना कायमची येऊन मिळाली. त्याच वर्षी जॉर्ज यांचे निधन झाले. 1899 साली चेरी स्ट्रीटवर संत रोझ यांच्या नावाने मोफत शुश्रूषागृह उघडले. 1900 साली या दोघींनी डॉमिनिकन भगिनींचा संघ स्थापन केला आणि रोझबाई मदर अल्फोन्सा झाल्या. पुढील वर्षी शहराबाहेर रोझरी हिल येथे दुसरे गृह सुरू झाले. रुग्णाकडून वा नातलगांकडून एक पैसाही घ्यायचा नाही, रुग्णापुढे किळस दाखवायची नाही आणि त्याच्यावर प्रयोग होऊ द्यायचे नाहीत, असा तेथील दंडक होता.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या प्रसंगी आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याचा उल्लेख आहे. तेथील ग्रीक क्रियापद केवळ भेटीपुरते नाही. जातीने लक्ष घालून काळजी वाहणे असाही त्याचा अर्थ होतो. अनुवादकाला हा अर्थ एका मराठी शब्दात बसवताना अडचण पडते. मदर अल्फोन्सांनी तो दररोजच्या मलमपट्टीत बसवला. रोग बरा करणे त्यांच्या हाती नव्हते. रुग्णाने एकटे, लाजिरवाणे आणि अस्वच्छ मरू नये, एवढे मात्र त्यांच्या हाती होते व तेवढे त्यांनी केले.

9 जुलै 1926 रोजी रोझरी हिल येथे त्या प्रभूमध्ये निजल्या. 2024 साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘आदरणीय’ ही पदवी देण्यास संमती दिली. त्यांच्या भगिनींनी ती सेवा पुढे चालवली.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीतही असे एखादे घर असेल, जेथे आता काय बोलावे हे न सुचल्यामुळे आपण जाणे सोडले आहे. तेथे बोलावे लागतेच असे नाही. उशी नीट करावी, ओठ ओले करावेत, रात्रभर जागलेल्या आप्ताला तासभर निजू द्यावे. मदर अल्फोन्सांच्या सेवेचा आरंभ याहून मोठ्या गोष्टीने झाला नव्हता.