हातांचे शहाणपण : पंडिता रमाबाई

भीमेच्या एका काठाला दौंड तालुका आणि दुसऱ्या काठाला शिरूर. या भागातल्या आम्हा विद्यार्थ्यांना केडगाव ठाऊक असते ते पुणे-दौंड लोहमार्गावरचे एक स्टेशन म्हणून. पण याच गावी एका विदुषीने उतारवयात हिब्रूचा अभ्यास करून ज्यूंचे प्राचीन धर्मग्रंथ साध्या मराठीत आणले, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते लेकीला दिले. पुराणे सांगत फिरणारे हे कुटुंब दुष्काळात होरपळले व आईवडील दगावले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. इतके आघात सोसलेल्या बाईने देवाकडे पाठ फिरवली असती, तरी तिला कोण दोष देणार होते?

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. धर्मांतराच्या शंकेवरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांचे दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आणायला स्वतः गेल्या त्या रमाबाईच. भूक त्यांनी भोगलेली होती. या मुलींसाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, शेती, विणकाम व छापखाना सुरू झाला.

हिब्रू ग्रंथांत शहाणपणासाठी होख्मा असा शब्द आहे. तो केवळ पंडितांचा नाही. देवाच्या मंडपासाठी सूत कातणाऱ्या कुशल बायकांनाही तेथे शहाण्याच म्हटले आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात देवाविषयीचा आदर हा शहाणपणाचा पाया मानला आहे, आणि त्या पुस्तकाचा शेवट घर, शेत व व्यापार सांभाळणाऱ्या कर्तबगार स्त्रीच्या गौरवाने होतो. तेथील देवाचे भय म्हणजे भुताची भीती नव्हे. कोणी पाहत नसतानाही माप खरे ठेवायला लावणारा तो धाक आहे. ईयोबाच्या ग्रंथात तर सर्वस्व गमावल्यावर ही श्रद्धा कसाला लागते.

प्रचलित मराठी बायबलातले संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातल्या बायकांना कळत नाहीत, हे रमाबाईंनी पाहिले. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी पंधराहून अधिक वर्षे भाषांतरावर घालवली. छपाई केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून झाली. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

त्यांचा धर्म आपण स्वीकारावा असे मला सुचवायचे नाही. संस्कृतच्या बळावर पंडिता म्हणून गाजलेली ही बाई आयुष्याच्या शेवटी सोपे शब्द शोधत बसली, याचेच मला अप्रूप वाटते. पदवीच्या मागे धावणाऱ्या आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी स्वतःला एवढेच विचारावे : आपले शिक्षण गावातल्या अडाणी माउलीला समजेल अशा भाषेत आपण कधी उतरवणार?