लोकशाहीर अण्णाभाऊ साठे

गावकीत मांगानं हलगी वाजवायची ती दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या जत्रेत, सांगितलं की. त्याच समाजात १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावी (ता. वाळवा, जि. सांगली) तुकाराम ऊर्फ अण्णाभाऊ साठे जन्मले. शाळा नावापुरतीच. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले. १९४४ साली अमरशेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं.

तमाशाला लोक नाकं मुरडत. अण्णाभाऊंनी तो टाकला नाही. ढोलकी, डफ, तुणतुणं तेच ठेवलं. गणातलं गणेशवंदन मात्र काढलं आणि मायभूमीला, कष्टकऱ्यांना वंदन घातलं. चाल ओळखीची म्हणून कामगार थांबायचा. शब्द आपल्या जिण्याचे म्हणून चाळीत जाऊन गुणगुणायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची छक्कड गाजली. १९५९ची ‘फकिरा’ कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १८ जुलै १९६९ रोजी हलाखीतच ते गेले.

माणसं जुनी वाद्यं का जपतात, असं कुणी विचारलं तर आम्ही अण्णाभाऊंचं नाव सांगतो. लादलेलं वाजवणं त्यांनी आपल्या माणसांसाठी आपलंसं केलं. जयंतीला डफ हाती घेणाऱ्या आमच्या पोरांनी एवढं ध्यानात ठेवावं.