सहा टिंबांचा शिल्पकार : लुई ब्रेल

पॅरिसजवळच्या कुपव्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरे बनवीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या हत्यारांशी खेळत असताना आरी डोळ्यात घुसली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण अंधत्व आले.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे उठावाने छापलेली असत. डोळसांना ती सोयीची होती. अंध मुलांना मात्र एकेक अक्षर चाचपावे लागे आणि लिहिता तर येतच नसे. १८२१ मध्ये शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची बारा टिंबांची लिपी शाळेत आली. तिचे एक चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नसे. ब्रेल यांनी वयाच्या अवघ्या १५ व्या वर्षी ते सहा टिंबांवर आणले. १८२९ मध्ये ही लिपी प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांनी ती आपलीशी केली, अधिकृत मान्यता मात्र लांबतच गेली. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने ब्रेल यांचे निधन झाले. मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये.

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. मराठीही तीत लिहिली जाते. आज संगणकाच्या पडद्यावरील मजकूर याच टिंबांत उमटविणारी यंत्रे आहेत. परंतु संकेतस्थळावरील चित्राचे शब्दांत वर्णन दिलेले नसेल, तर वाचकाच्या बोटाखाली काहीच अर्थपूर्ण येत नाही. केवळ डोळसांची सोय पाहण्याची ती जुनी चूक अद्याप पुरती सुटलेली नाही.