राजर्षी शाहू छत्रपती : शाळेच्या उंबरठ्यापलीकडे

शाहू छत्रपतींचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी कोल्हापुरात सापडणे कठीण. दसरा चौकातील त्यांचा पुतळा आमचे बहुतेक विद्यार्थी नित्य पाहतात. राधानगरीचे धरण, शाहूपुरीची पेठ, खासबागेचे कुस्तीचे मैदान ही सर्व त्यांचीच कृती होय, हेही त्यांस ठाऊक असते. परंतु ज्या कार्यामुळे महाराजांस राजर्षी ही पदवी शोभली, ते दगडमातीचे नसल्यामुळे डोळ्यांस सहसा दिसत नाही. ज्यांस समाजाने दूर लोटले होते, अशा मुलांस शिकविणे, शिकलेल्यांस उभे करणे आणि उभे राहिलेल्यांच्या पाठीशी राहणे, हे ते कार्य. त्या दृष्टीने त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. आई राधाबाई ह्या त्यांच्या वयाच्या तिसऱ्या वर्षीच निवर्तल्या. 17 मार्च 1884 रोजी राणी आनंदीबाईसाहेबांनी त्यांस दत्तक घेतले व ते करवीरच्या गादीचे वारस झाले. दोनच वर्षांनी वडील जयसिंगराव हेही वारले. अकराबारा वर्षांच्या ह्या पोरक्या मुलास राज्य होते, पण मायबाप नव्हते. अशा वेळी त्यांस चांगले शिक्षक लाभले, हे त्यांचे भाग्य. प्रथम राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेजर ह्यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. फ्रेजरसाहेबांनी त्यांस पुस्तकांबरोबर देशही दाखविला. रघुनाथराव सबनीस हेही त्यांचे शिक्षक. तेच पुढे संस्थानचे दिवाण झाले. एका पोरक्या मुलाच्या पाठीवर योग्य वेळी योग्य हात पडला म्हणजे काय घडते, हे महाराजांनी पुस्तकात वाचले नाही, स्वतः अनुभवले. पुढे त्यांनी जे केले त्याचे मूळ पुष्कळ अंशी ह्यातच असावे, असे आम्हांस वाटते.

2 एप्रिल 1894 रोजी महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. त्यावेळी दरबारच्या सामान्य कारभारातील 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हता. विद्या एकाच वर्गाच्या घरी शतकानुशतके राहिली होती, आणि जेथे विद्या तेथे अधिकार, हा जगाचा नियमच आहे. 1902 मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेस गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांस एल्एल्. डी. ही सन्मानाची पदवी दिली. त्याच सुमारास, 26 जुलै 1902 रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा 50 जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम कोल्हापुरात प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात ह्या जातीचा हुकूम तोपर्यंत क्वचितच कोणी काढला असेल.

परंतु जागा राखून ठेवल्या तरी त्या भरणारी माणसे कोठून आणावयाची? खेड्यातील कुणब्याचा, महाराचा किंवा धनगराचा मुलगा शिकावयास कोल्हापुरास आला, तर त्याने उतरावे कोठे? त्यास खोली कोण देणार, जेवू कोण घालणार? शाळेचे दार उघडे असूनही हा मुलगा वेशीवरूनच परत जाई. महाराजांच्या सूक्ष्म दृष्टीस ही अडचण दिसली. सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून त्यांनी प्रथम पाहिले. पण मागासलेल्या मुलांस त्याचा लाभ होईना. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैनांचे निघाले, 1906 मध्ये मुसलमानांचे निघाले. आणि पुढे लिंगायत, शिंपी, दैवज्ञ अशी ही माळ वाढत गेली. हिंदी ख्रिस्ती विद्यार्थ्यांसही तीत स्थान मिळाले. जातवार वसतिगृहांनी जातिभेद वाढेल, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. परंतु भुकेल्या मुलास आधी जेवू घालावे व पंक्तीचा वाद मागाहून मिटवावा, हा महाराजांचा व्यवहार होता. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते ह्यामुळेच.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. वाटेत घायाळ पडलेल्या माणसाच्या जखमा बांधून तो थांबला नाही. त्याने त्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची शुश्रूषा केली आणि निघताना पुढील खर्चाचीही तरतूद केली. दयेचे पहिले पाऊल पुष्कळ जण टाकतात, परंतु उतारशाळेपर्यंत थोडेच जातात. महाराज त्या थोड्यांपैकी होते.

1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या कन्येचे नाव त्यास दिले होते. ह्या प्रसंगाशी एका विद्यार्थ्याची हकीकत निगडित आहे. कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा मुलगा जैन बोर्डिंगात राहून शिकत असे. तो ह्या समारंभास गेला. परत आल्यावर विटाळ झाला म्हणून स्नान करावे, असे त्यास सांगण्यात आले. त्याने ते मानले नाही आणि त्यास बोर्डिंग सोडावे लागले. महाराजांनी त्यास आपल्या आश्रयास घेतले. हाच मुलगा पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाला. त्याने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवतील असे वसतिगृह काढले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. जातवार वसतिगृहांवरील आक्षेपास अशा रीतीने महाराजांच्या एका आश्रिताने उत्तर दिले.

1917 मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड ठेवला. परंतु एकाच गावात दोन शाळा असाव्यात, एक सर्वांची आणि दुसरी गावाबाहेरच्यांची, हे त्यांस सहन होईना. 30 सप्टेंबर 1919 च्या हुकुमाने त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद केल्या व त्या मुलांस सर्वांबरोबर एकाच शाळेत बसविण्याची आज्ञा केली.

येथे आमच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर अमेरिकेकडे पाहावे. तेथील निग्रो लोक 1865 पर्यंत गुलाम होते. जोतीराव फुले ह्यांनी 1873 मध्ये आपले गुलामगिरी हे पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केले, ते उगाच नव्हे. दोन्ही दुःखांचे नाते त्यांनी ओळखले होते. गुलामीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांनी 1881 मध्ये टस्कीगी येथे शाळा उघडली आणि आपल्याच लोकांतून शेकडो शिक्षक तयार करून खेडोपाडी धाडले. पुढे 1954 मध्ये अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयाने गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरविल्या. निकाल न्यायाचाच होता; परंतु काळ्या मुलांच्या शाळा बंद पडल्या तेव्हा हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि ज्या मुलांस आजवर आपले मानणारा गुरू होता, ती परक्या वर्गात एकटी पडली. दार एक झाले म्हणून मन एक होत नाही.

ही गोष्ट कोल्हापूरच्या राजाने पस्तीस वर्षे आधी ओळखली होती. 1919 च्या आरंभीच त्याने शाळा, दवाखाने व कचेऱ्या ह्यांतील नोकरांस हुकूम दिले होते. अस्पृश्य मुलांस समतेने, किंबहुना इतरांहून अधिक ममतेने वागवावे. कारण इतरांस घरचा आधार असतो, ह्यांस तो नसतो. ज्या नोकरास हे रुचत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा. त्यास पेन्शन मिळणार नाही. शिक्षकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या आम्हांस हा हुकूम आजही मान खाली घालावयास लावतो. हुकुमाने गावोगावचा दुरावा एका दिवसात गेला असे नव्हे. पण वर्गात कोणास मागे बसविले जाते ह्याची विचारणा करणारा कोणी वर आहे, एवढे तरी त्या मुलांस कळले.

शिकलेल्यांस महाराजांनी वाऱ्यावर सोडले नाही. कुलकर्णी वतने काढून त्यांनी पगारी तलाठी नेमले, त्यांत अस्पृश्यांसही घेतले; त्यांच्यातील काहींस वकिलीच्या सनदा दिल्या. राजवाड्यात चाकरीस असलेले गंगाराम कांबळे ह्यांस पाण्याच्या हौदास शिवल्याच्या कारणाने मारहाण झाली. महाराजांनी मारणारांचा समाचार घेतला व गंगारामांस स्वतंत्र धंद्यासाठी साह्य केले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान घातले. पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तेथे थांबवून चहा पिऊ लागले व बरोबरच्या मानकऱ्यांसही पाजू लागले. पैसे देणे सोपे असते; भर रस्त्यात, चारचौघांदेखत, त्याच्या हातचा पेला ओठांस लावणे कठीण.

1920 मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी मूकनायक पत्र काढले, त्यास महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच वर्षी 21 व 22 मार्च रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे परिषद भरली; आंबेडकर अध्यक्ष होते. तेथे महाराजांनी जमलेल्या लोकांस सांगितले, की तुमचा पुढारी तुमच्यातूनच तुम्हांस मिळाला आहे. छत्रपतींनी स्वतः पुढारी न होता अठ्ठावीस वर्षांच्या तरुणास पुढे करून आपण बाजूस उभे राहावे, ह्याहून मोठे औदार्य आम्हांस दिसत नाही.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे. कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक कोणा सरदाराने उभारले नाही. गंगाराम कांबळे व त्यांच्या बांधवांनी वर्गणी काढून नर्सरी बागेत ते उभारले. ज्यास उभे केले, त्यानेच स्मृती उभी केली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गात मधल्या सुटीत एकटाच डबा उघडून बसणारा मुलगा असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्यासाठी संस्थान लागत नाही. आणि पालकहो, तो मुलगा आपल्या घरी आला, तर त्यास तुमच्याच घरातल्या पेल्यातून पाणी द्या. त्याचे आडनाव विचारू नका. आमच्या शाळेत शिकविले जाणारे पुष्कळसे मुले विसरतील, पण घरी पाहिलेले हे विसरणार नाहीत.