लॉर्ड मॅन्सफिल्ड आणि परदेशी कायदा

न्यूफाउंडलंडहून लिस्बनकडे मासळी घेऊन निघालेले एक इंग्रज जहाज फ्रेंचांनी वाटेत पकडले. पुढे एका इंग्रज जहाजाने ते सोडवून मायदेशीच्या बंदरात आणले. सतरा दिवसांचा प्रवास झाला होता, चार दिवसांचा उरला होता. माल मुक्कामी पोहोचलाच नाही, मग भाडे द्यावयाचे की नाही? १७५९ साली हा वाद लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयापुढे आला, तेव्हा सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी केवळ इंग्रजी निवाडे चाळले नाहीत. ऱ्होड्स बेटाचा प्राचीन सागरी कायदा, ओलेराँ व विस्बी येथील संहिता, चौदाव्या लुईचे सागरी फर्मान हे सारे त्यांनी विचारात घेतले. आणि फ्रान्स तर तेव्हा शत्रुराष्ट्र! वाचलेल्या मालावर, कापलेल्या अंतराच्या प्रमाणात भाडे मिळावे, असा निर्णय झाला.

मॅन्सफिल्ड यांचे मूळ नाव विल्यम मरे. त्यांचा जन्म १७०५ साली स्कॉटलंडमधील स्कोन येथे झाला. तेराव्या वर्षी ते लंडनला शिकावयास आले आणि १७५६ साली सरन्यायाधीश झाले. स्कॉटलंडच्या कायद्यावर रोमन विचाराची दाट छाया आहे. तिकडची अपिले चालविताना तो विचार त्यांच्या अंगवळणी पडला असावा. १७६० साली अवघ्या सहा पौंडांच्या एका दाव्यात त्यांनी त्याचाच आधार घेतला. दुसऱ्याचा पैसा अन्यायाने हाती आला असेल, तर करार नसतानाही तो परत केला पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने रुजविले.

हे सर्वांना रुचले नाही. जूनियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या टीकाकाराने १७७० साली त्यांच्यावर रोमन कायदा घुसडून इंग्रजांचे स्वातंत्र्य पोखरल्याचा आरोप केला. त्यात राजकीय वैर होते. पण परक्या ग्रंथांतून सोयीचे तेवढे वेचणारा न्यायाधीश स्वतःच कायदा करू लागतो, ही शंका काही पोकळ नव्हे. मोबदला नसला तरी व्यापारातील लेखी वचन बंधनकारक ठरते, हे त्यांचे १७६५ मधील मत लॉर्डांच्या सभेने १७७८ साली झिडकारले.

१७८० च्या दंगलीत जमावाने त्यांचे घर जाळले. ग्रंथालय व टिपणे भस्मसात झाली. १७८८ साली ते पदावरून उतरले आणि १७९३ साली निवर्तले. चुकून दिलेला पैसा परत करण्यास सांगणारे, आपल्या १८७२ च्या करार कायद्यातील ७२ वे कलम त्या सहा पौंडांच्या निकालाच्याच कुळातले आहे.