पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांचा आत्मविश्वास

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी मनुष्याच्या उद्धाराचा भार त्याच्या स्वतःवरच ठेवला आहे. जो हा भार उचलावयास शिकत नाही, त्याच्या हाती इतरांच्या मुलांचे शिक्षण सोपविणे धोक्याचे होय. उलट ज्याने तो आनंदाने उचलला, त्याच्याकडे नेतृत्व आपोआप चालत येते. बंगालचे पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे चरित्र याची साक्ष देते.

त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी बीरसिंह या खेड्यात एका अत्यंत निर्धन ब्राह्मण कुटुंबात झाला. पिता ठाकुरदास कलकत्त्यास अल्प वेतनावर नोकरी करीत. माता भगवतीदेवी दयेची मूर्तीच होती. आठ वर्षांचे असताना ते पित्याबरोबर पायी कलकत्त्यास निघाले. वाटेतील मैलाच्या दगडांवरून त्यांनी इंग्रजी अंक ओळखण्यास आरंभ केला. मुलाने अंक खरोखर जाणले की केवळ उतरता क्रम पाठ केला, हे पाहण्यासाठी पित्याने सहाव्या मैलाचा दगड त्याला दिसू दिला नाही व पाचवा दाखवून प्रश्न केला. बालकाने निःशंकपणे सांगितले की, येथे सहाचा अंक हवा होता, चुकून पाच खोदला आहे. अंक त्याने बरोबर ओळखला आणि आपल्या मोजणीवरचा विश्वासही सोडला नाही. पुढील सर्व आयुष्याचे बीज या लहानशा प्रसंगात आहे.

१८२९ साली ते कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयात दाखल झाले. बिऱ्हाडी स्वयंपाक करावा, भांडी घासावीत आणि उरलेल्या वेळात व्याकरण, काव्य, अलंकार, वेदान्त, स्मृती व न्याय यांचे अध्ययन करावे, असा त्यांचा बारा वर्षांचा क्रम होता. १८३९ मध्ये त्यांना विद्यासागर ही पदवी मिळाली. १८४१ साली फोर्ट विल्यम महाविद्यालयात दरमहा ५० रुपयांवर मुख्य पंडित होताच त्यांनी पित्यास नोकरी सोडावयास लावली व त्यांच्यासाठी दरमहा २० रुपये गावी पाठविण्यास प्रारंभ केला.

१८४६ मध्ये ते संस्कृत महाविद्यालयाचे साहाय्यक चिटणीस झाले. अध्यापनपद्धतीत सुधारणा करण्याची त्यांची योजना मान्य होईना, तेव्हा १८४७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आता खाणार काय, अशी लोकांना काळजी पडली. भाजी विकून पोट भरीन, परंतु जेथे मान नाही तेथे राहणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे चरित्रकार सांगतात. अल्पात निर्वाह करण्याची सवय असल्यामुळे त्यांना हे बोलता आले. त्यांनी मित्राच्या भागीदारीत मुद्रणालय चालविले आणि वेताळपंचविशीचा हिंदीवरून केलेला बंगाली अनुवाद प्रसिद्ध केला.

ज्या संस्थेतून ते बाहेर पडले होते, तिचेच ते जानेवारी १८५१ मध्ये प्राचार्य झाले. तोपर्यंत तेथे केवळ ब्राह्मण व वैद्य यांनाच प्रवेश असे. जुन्या पंडितांचा विरोध असतानाही त्यांनी त्याच वर्षी कायस्थांस व १८५४ मध्ये सर्व प्रतिष्ठित हिंदू कुळांतील विद्यार्थ्यांस द्वार उघडले. मुग्धबोधाच्या काठिण्याने विद्यार्थी खचतात हे जाणून त्यांनी बंगालीतून सुगम संस्कृत व्याकरण लिहिले. १८५५ साली निघालेल्या त्यांच्या वर्णपरिचयाने बंगालमधील असंख्य बालकांस अक्षरओळख करून दिली.

खरी कसोटी पुढे आली. त्याच वर्षी चार जिल्ह्यांच्या शाळातपासणीचेही काम त्यांच्याकडे आले होते. शासन साहाय्य करील या भरवशावर त्यांनी नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८ या काळात मुलींच्या ३५ शाळा काढल्या. त्यांत सुमारे १३०० मुली शिकू लागल्या. परंतु वरिष्ठ शासनाने नियमित अनुदान नाकारले आणि शिक्षकांच्या थकलेल्या वेतनाचे सुमारे ३४३९ रुपये त्यांच्या अंगावर आले. ती रक्कम पुढे शासनाने दिली, तथापि शाळांचा आधार गेलाच. विद्यासागरांनी मुली घरी पाठविल्या नाहीत. वर्गणीचा निधी उभारून शक्य तितक्या शाळा चालू ठेवल्या. वरिष्ठांशी मतभेद विकोपास जाऊन नोव्हेंबर १८५८ मध्ये त्यांनी दरमहा ५०० रुपयांचे पद सोडले, तेव्हा त्यांचे वय अवघे अडतीस वर्षांचे होते.

यानंतर मेट्रोपॉलिटन विद्यालय हे त्यांचे जीवनकार्य झाले. युरोपीय अध्यापकांवाचून उच्च शिक्षण चालणार नाही, अशी त्या काळी समजूत होती. विद्यासागरांनी केवळ भारतीय अध्यापक नेमून व शासकीय अनुदान न घेता महाविद्यालय चालविण्याचा निश्चय केला. १८७२ मध्ये त्यास विश्वविद्यालयाची संलग्नता मिळाली आणि १८७९ मध्ये बी. ए. पर्यंतचे अध्यापन मान्य झाले. विद्यार्थ्यांस मारण्याची तेथे मनाई होती. ज्याचा स्वतःवर विश्वास असतो, तोच स्वकीयांवर विश्वास टाकू शकतो आणि त्याला मुलांस भीती दाखवावी लागत नाही.

२९ जुलै १८९१ रोजी त्यांनी देह ठेवला. १९१७ मध्ये त्या महाविद्यालयास त्यांचेच नाव देण्यात आले.

विद्यासागरांचा आत्मविश्वास वक्तृत्वातून किंवा अधिकारपदातून आलेला नव्हता. स्वतःची भांडी स्वतः घासणे, पाहिलेले स्वतः मोजणे, गरजा थोड्या ठेवणे आणि दिलेला शब्द अंगावर घेणे, यांतून तो दिवसेंदिवस दृढ होत गेला. ही साधने प्रत्येक गृहस्थाच्या घरी आहेत. मूल निःशंकपणे उत्तर देत असता त्याला दटावून गप्प न बसविता ठाकुरदासांप्रमाणे त्याची परीक्षा घेणारा पिता, शिक्षणाचा पहिला पाया आपल्या अंगणातच घालीत असतो.