सर वॉल्टर रॅले

सर वॉल्टर रॅले ह्याचें नांव निघतांच बहुतेक विद्यार्थ्यांस एकच गोष्ट आठवते. एलिझाबेथ राणी वाटेंतील चिखलापाशीं थबकली आणि ह्या तरुणानें आपला किंमती झगा तिच्या पायांखालीं अंथरला, ती ही गोष्ट. गोष्ट गोड आहे खरी. परंतु टॉमस फुलर ह्या ग्रंथकारानें ती १६६२ सालीं, म्हणजे रॅलेच्या मृत्यूनंतर ४४ वर्षांनीं प्रसिद्ध केली, आणि इतिहासकार ती खरी मानावयास कचरतात. आम्हांस आज सांगावयाचें आहे तें निराळेंच आहे. ह्या पुरुषानें पूर्वीं एकदां प्रेमावर एक कविता रचिली होती. तिचेंच शेवटचें कडवें त्याच्या मरणाच्या आदल्या रात्रीं त्याच्या कामीं आलें. तें कसें, हें समजण्यासाठीं त्याचें चरित्र पाहिलें पाहिजे.

रॅलेचा जन्म १५५२ च्या सुमारास इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत झाला. घराणें कुलीन, पण संपत्ति बेताचीच. मिसरूड फुटण्याच्या वयांतच तो फ्रान्समधील धर्मयुद्धांत प्रॉटेस्टंट पक्षाकडून लढला, कांहीं काळ ऑक्सफर्ड येथें राहिला, आणि १५८० सालीं सैन्यांतील एक कप्तान म्हणून आयर्लंडांत गेला. तेथें स्मेरविक येथील किल्ल्यांत असलेल्या सुमारें ६०० इटालियन व स्पॅनिश शिपायांनीं शस्त्रें खालीं ठेविल्यावरहि त्यांची कत्तल करण्यांत आली. हुकूम सेनापति लॉर्ड ग्रे ह्याचा होता. परंतु तो अंमलांत आणणाऱ्या कप्तानांत रॅले होता. थोर म्हणून गाजलेल्या पुरुषाचे दोष झांकणें हें चरित्रकाराचें काम नव्हे, म्हणून ही गोष्ट आम्हीं आरंभींच सांगितली.

आयर्लंडांतून परतल्यावर राणीची त्याच्यावर मर्जी बसली. उंच बांधा, हजरजबाबी वाणी आणि अफाट हिंमत ह्यांच्या बळावर तो झपाट्यानें वर चढला. १५८५ सालीं त्यास सर ही पदवी मिळाली, आणि दोन वर्षांनीं तो राणीच्या अंगरक्षकांचा नायक झाला. अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहत करण्याचा परवाना मिळवून त्यानें रोअनोक बेटावर माणसें पाठविलीं. परंतु ती वसाहत टिकली नाहीं.

त्या काळच्या दरबारांत काव्य हा केवळ फावल्या वेळचा विरंगुळा नव्हता. कृपा संपादन करणें, रुसवा काढणें, प्रतिस्पर्ध्यास टोमणा मारणें, हीं सर्व कामें कवितेकडून करून घेतलीं जात. थोर कुळांतील कवि आपल्या कविता छापवीत नसत. त्या हस्तलिखितांतून एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जात. त्यामुळें रॅलेच्या नांवावर मोडणाऱ्या कवितांपैकीं खऱ्या त्याच्या कोणत्या, हा वाद अद्यापि चालतो. मार्लो ह्या कवीनें एका मेंढपाळाच्या तोंडीं प्रेयसीस रानांतील सुखाचें आमंत्रण घातलें होतें. त्या गीतास तिच्या तोंडून दिलेलें प्रसिद्ध उत्तर रॅलेचें, असें परंपरा सांगते. त्या उत्तरांतील तरुणी भोळी नाहीं. फुलें सुकतात आणि वचनें विसरलीं जातात, हें ती पुरतें ओळखून आहे. प्रेमाच्या गाण्यांत काळाची आठवण करून देणें, हा रॅलेचा स्वभावच होता असें आम्हांस वाटतें.

राणीस चंद्रदेवता कल्पून तिची स्तुति गाणाऱ्या ह्या कवीनें १५९१ सालीं तिच्याच एका सखीशीं, एलिझाबेथ थ्रॉकमॉर्टन हिच्याशीं, गुप्तपणें लग्न केलें. पुढील वर्षीं ही गोष्ट उघडकीस येतांच राणीचा कोप अनावर झाला आणि नवराबायको दोघेंहि लंडनच्या टॉवर नांवाच्या किल्ल्यांत कैदेंत पडलीं. राणीचा विरह वर्णन करणारी, ५०० हून अधिक ओळींची जी त्याची अपुरी कविता त्याच्याच हस्ताक्षरांत उरली आहे, ती ह्याच सुमाराची समजतात. हॅटफील्ड येथील सेसिल घराण्याच्या कागदपत्रांत ती शतकानुशतकें पडून राहिली आणि १८७० सालीं प्रथम छापली गेली. तींत प्रेम कोठें संपतें आणि राजकारण कोठें सुरू होतें, हें सांगणें कठीण आहे.

त्याची सुटका मात्र कवितेनें झाली नाहीं. ती झाली मिऱ्यांच्या आणि लवंगांच्या योगानें! हिंदुस्थानांतून मसाले, रेशीम व रत्नें घेऊन पोर्तुगालकडे निघालेलें ‘माद्रे दे देउस’ नांवाचें प्रचंड गलबत १५९२ सालीं इंग्रजांनीं अझोर बेटांजवळ पकडून डार्टमथ बंदरांत आणलें. तेथें जो तो माल लुटूं लागला. खलाशांना आवरूं शकेल असा पुरुष रॅले होता, म्हणून त्यास कैदेंतून काढून तिकडे धाडण्यांत आलें. तरीहि दरबाराचें दार त्यास पुढें पांच वर्षें बंदच राहिलें.

‘द लाय’ ही त्याची म्हणून गाजलेली कविता ह्या कडवट दिवसांतील असावी. कवि आपल्या आत्म्यास दूत करून जगांत धाडतो, आणि दरबार, धर्मपीठ, न्याय, विद्या, मैत्री ह्या सर्वांस त्यांच्या तोंडावर त्यांचें ढोंग सांगावयास लावतो. ती लोकांस इतकी झोंबली कीं, तिला कवितेंतूनच उत्तरें देण्यांत आलीं. प्रारंभीं उल्लेखिलेली कविता मात्र प्रेमाची. निसर्गदेवता मदनाच्या इच्छेनुसार एक अनुपम सुंदरी घडविते; सुंदरीचें अंतःकरण कठोर निघतें; आणि अखेर काळ येऊन त्या सर्व सौंदर्याची राख करून टाकतो. तिच्या शेवटच्या कडव्यांत निष्ठुर काळाविरुद्ध कवीनें आक्रोश केला आहे.

१६०३ सालीं एलिझाबेथ राणी निवर्तली आणि जेम्स राजा गादीवर आला. रॅलेच्या शत्रूंनीं नव्या राजाचे कान अगोदरच भरून ठेविले होते. स्पेनच्या पैशावर राजास पदच्युत करण्याचा कट केल्याचा आरोप ठेवून त्यास पकडण्यांत आलें. स्पेनशीं जन्मभर वैर केलेल्या माणसावर हा आरोप यावा, हें नवलच! लंडनांत प्लेगची साथ असल्यामुळें १७ नोव्हेंबर रोजीं खटला विंचेस्टर येथें चालला. मुख्य पुरावा एवढाच कीं, लॉर्ड कोबम ह्या त्याच्या मित्रानें कैदेंत असतां त्याच्याविरुद्ध जबानी दिली होती. आणि तीहि त्यानें मध्यंतरीं एकदां फिरविली होती. कोबमास समोर आणा आणि त्यानें माझ्या तोंडावर आरोप करावा, ही रॅलेची मागणी न्यायाधीशांनीं नाकारली. सरकारी वकील एडवर्ड कोक ह्यानें त्यास भर न्यायालयांत शिवीगाळ केली. सकाळीं जो लोकांचा नावडता होता, त्याच्याविषयीं संध्याकाळीं लोकांचीं मनें कळवळलीं. शिक्षा मृत्यूची झाली. साक्षीदारास आरोपीसमोर उभें करण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेंत पुढें समाविष्ट झाला, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालच्या एका निकालांत त्या हक्काचें मर्म सांगतांना रॅलेच्याच खटल्याची आठवण केली. एका माणसावर झालेला अन्याय अशा रीतीनें पुढील अनेकांचें संरक्षण झाला.

राजानें शिक्षेची अंमलबजावणी तहकूब ठेविली. रद्द केली नाहीं. रॅले १३ वर्षें टॉवरमध्यें राहिला. तेथें त्यानें औषधें तयार केलीं, आणि ‘जगाचा इतिहास’ लिहावयास घेतला. त्याचा मोठा आधार म्हणजे युवराज हेन्री. परंतु तो १६१२ सालीं १८ व्या वर्षींच वारला. १६१४ सालीं ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. राजांच्या पापांविषयीं तो फार सैल जिभेनें बोलतो, असें वाटून जेम्सनें त्याची विक्री बंद करविली. दुसरा भाग लिहून झालाच नाहीं.

१६१६ सालीं त्यास सोडण्यांत आलें, तें गियानांतील सोन्याच्या खाणीच्या आशेनें; अट अशी कीं, स्पॅनिश लोकांस धक्का लागूं नये. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोंचल्यावर तो स्वतः तापानें मागें राहिला. नदींतून वर गेलेल्या तुकडीनें स्पॅनिश ठाण्यावर हल्ला केला, आणि त्यांत त्याचा तरुण मुलगा वॉट ठार झाला. सोनें मिळालें नाहीं. तुकडीचा नायक कीमिस हा रॅलेचा जुना सोबती. रॅलेनें दोष देतांच त्यानें आत्मघात केला. इतकें होऊनहि रॅले मायदेशीं परतला. स्पेनच्या वकिलानें त्याचें शीर मागितलें, आणि जेम्स राजानें १६०३ सालची तीच जुनी शिक्षा अंमलांत आणण्याचें ठरविलें.

२८ ऑक्टोबर १६१८ ची रात्र त्यानें वेस्टमिन्स्टर येथील गेटहाउस तुरुंगांत काढली. पत्नी भेटून मध्यरात्रीच्या सुमारास परत गेली. तिला त्याचें प्रेत ताब्यांत घेण्याची परवानगी तेवढी मिळाली होती. सांगतात कीं, ती गेल्यावर त्यानें आपल्या बायबलांत कांहीं ओळी लिहिल्या. त्या नव्या नव्हत्या. तें त्याच्या जुन्या प्रेमगीताचें शेवटचें कडवें होतें. त्यानें आरंभींचा आक्रोश तेवढा बदलून त्या जागीं शांत विधान घातलें, आणि शेवटीं दोन ओळी नव्यानें जोडल्या. त्यांत, ह्या मातींतूनहि परमेश्वर मला उठवील, हा विश्वास आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो वधस्तंभावर चढला. अंगांत ताप होता. थरथरलों तर लोक भ्यालों म्हणतील, एवढीच त्यास काळजी होती. त्यानें कुऱ्हाडीची धार बोटानें चांचपून पाहिली, तिला सर्व रोगांवरील औषध म्हणून थट्टाहि केली, आणि मान पुढें केली. दोन घावांत सर्व आटोपलें. सेंट मार्गारेटच्या मंदिरांत त्यास पुरण्यांत आलें.

कृपा आणि वैभव, राणीचें प्रेम आणि राजाचा कोप, हीं सर्व रॅलेजवळून एकामागून एक गेलीं. स्मेरविकचा डाग त्याच्या मरणाच्या धैर्यानें पुसला जात नाहीं. तसेंच त्या डागामुळें हें धैर्य खोटें ठरत नाहीं. कविता लिहितांना सुंदर वाटलेले शब्द संकटाच्या वेळीं उपयोगीं पडतील कीं नाहींत, ही खरी कसोटी होय. रॅलेच्या त्या कडव्यास ती लागली. त्यांतील बहुतेक शब्दांस त्यास हात लावावा लागला नाहीं. तक्रार तेवढी काढावी लागली आणि आशा घालावी लागली. आमचे विद्यार्थी आज जे उत्तमोत्तम वेंचे पाठ करितात, ते केवळ परीक्षेपुरते नसतात. त्यांतील कोणता कोणास, कोणत्या रात्रीं आठवेल, हें आज कोणीं सांगावें?